सूपभर ज्वारीची लेक

माझ्या मोठ्या जाऊबाईंइतकं भित्रं माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात शोधून सापडायचं नाही. हे मी उगाच बोलत नाही. लग्न होऊन जानेफळात आले तेव्हापासून त्यांच्या भीतीशी माझा रोजचा संबंध आहे, आणि एका चुलीवर जेवणाऱ्या माणसाला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कुणाला कळत नाही. लोक पालीला भितात, अंधाराला भितात, सासूला भितात. जाऊबाई असल्या किरकोळ भीतीत पडत नसत. स्वतःच्या जिवाची तर त्यांना कवडीइतकी पर्वा नव्हती. अंगणात निघालेला विंचू चपलेनं ठेचून, हात धुऊन त्या पुन्हा भाकरी थापायला बसत. पण तोच विंचू पोरांच्या अंथरुणापाशी निघाला असता तर? या ‘असता तर’नं त्यांचा दिवस उजाडायचा आणि त्यावरच मावळायचा. पोरं त्यांना दोन. दोन्ही मुलगे, दोन्ही धट्टेकट्टे, गावातल्या कुठल्याही झाडाला उलटे लटकणारे. या दोघांच्या अंगावर पडू शकणार नाही अशी एकही वस्तू जगात नाही, असं जाऊबाईंचं ठाम मत होतं.

छताचा पंखा हा त्यांचा पहिला वैरी. पंखा कधीतरी पडणारच हे धरून त्या अंथरुणं घालत. त्यामुळे आमच्या घरात सगळी माणसं भिंतीला चिकटून झोपत आणि पंख्याचा वारा मधल्या मोकळ्या फरशीला लागे. पावसाळ्यात स्वयंपाकघरात शिरण्याआधी त्या काठीनं उंबऱ्यावर ठकठक करत आणि मोठ्यानं सांगत, “येऊन राह्यली बा मी, सरका.” हे सापाला उद्देशून असे. साप कधी निघाला नाही. मोठे भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, एकदा आत चोरून गूळ खात होते, ते दचकून डब्यासकट खाली बसले. कुकर घरात आला तो माझ्या आहेरात. शिट्टी होण्याच्या बेतात आली की जाऊबाई दोन्ही पोरांना दंडाला धरून अंगणात काढत, शेजारची पोरंही काहीतरी खेळ आहे समजून त्यांच्यामागे धावत, आणि आत मी एकटी वरणाजवळ उरत असे. मी उडाले तरी चालण्यासारखं आहे असा याचा अर्थ मी काढला आणि तसं बोलूनही दाखवलं. त्यावर त्यांनी शांतपणे समजावलं की तू मोठी आहेस, तुला पळता येतं. पुढे हातात मोबाईल आला आणि त्यांच्या भीतीला जणू पाटाचं पाणी मिळालं. लहान मुलांना केळी द्यावीत असा निरोप आला की त्या भीत आणि देऊ नयेत असा आला की आणखी भीत. दोन्ही खरं असणार असं धरून त्या पोरांना अर्धं अर्धं केळं देत.

अमडापूरच्या जत्रेतली गोष्ट माझ्या लग्नाआधीची आहे, पण ती मी इतक्या तोंडांनी ऐकली आहे की मी तिथे होते असंच मला वाटतं. गर्दीत धाकटा हरवेल म्हणून जाऊबाईंनी त्याच्या सदऱ्याचं टोक आपल्या पदराला गाठ मारून बांधलं. गाठही साधी नाही, बैलाच्या दाव्याला मारतात तशी. पाळणे झाले, रेवड्या झाल्या, देवीचं दर्शन झालं आणि मोटारस्टँडवर येऊन बघतात तो पदराला नुसता सदरा. पोरगा उकडतंय म्हणून केव्हाच त्यातून निसटला होता. जाऊबाई भर रस्त्यात मटकन खाली बसल्या. नुसता सदरा लोकांना दाखवत होत्या. बघ्यांना वाटलं, बाई सदरा विकायला बसली आहे. तेवढ्यात उघडाबंब धाकटा बापाच्या खांद्यावर बसून उसाचा करवा सोलत आला. जाऊबाईंनी त्याला मारलं नाही, रागावल्याही नाहीत. गाठ सोडली, सदरा घातला आणि या वेळी पदराचं टोक त्याच्या मनगटाला बांधलं. ते घरी येईपर्यंत सुटलं नाही आणि सुटलं तेव्हा कोयत्याची गरज पडली. पोरं पोहायला शिकली तेव्हाही असंच. आमच्याकडे पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडतात. जाऊबाईंनी पोटालाही बांधला, दोन्ही काखांतही बांधले. पोरगा पाण्यावर तरंगे, पण त्याला हात हलवता येईना. तास तासभर तो विहिरीत तसाच फिरत राही आणि काठावर जाऊबाई दोर धरून बसलेल्या असत.

मी नांदुऱ्याची. आमचं घर रेल्वेलाईनच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. मालगाडी उभी असली की आम्ही पोरी दप्तरं छातीशी धरून तिच्याखालून वाकून पार जायचो. ही मौज मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात जाऊबाईंना हसत हसत सांगितली. त्या हसल्या नाहीत. निवडत असलेली तूर खाली ठेवली. मग उठून आल्या, माझ्या पाठीवरून, दंडांवरून हात फिरवून मी सगळी जागच्या जागी आहे ना ते पाहिलं, आणि त्या दिवशी माझ्या भातावर तुपाची अशी धार धरली की सासरे चष्मा पुसून बघू लागले. त्यानंतर मी त्यांची थट्टा करायची सोडली असं मात्र नाही. बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे गावाच्या चार गोष्टी येतात. त्यात मी जाऊबाईंच्या चार घालून पाठवत असे.

पोरं मोठी झाली, शिकली, थोरला पुण्यात कंपनीत लागला, धाकटाही त्याच्यामागे गेला. आता तरी ही बाई निवांत बसेल असं आम्हाला वाटलं. व्हिडिओ कॉलचा शोध बहुधा त्यांच्यासाठीच लागला असावा. पोरगा दिसला की त्या त्याचं तोंडही न बघता म्हणत, “पंखा दाखव.” मग त्याला छताकडे मोबाईल करावा लागे, मग पलंगाकडे, मग पुन्हा छताकडे. पंखा आणि पलंग एका रेषेत नाहीत अशी खात्री पटली की जेवलास का ते विचारायचं. एवढं करून उरलेला दिवस मात्र त्यांना खायला उठे. रिकाम्या हातांनी त्या अंगणात बसत, आणि तेव्हा त्यांचा चेहरा असा काही ओढल्यासारखा होई की मी पोटातली थट्टा पोटात ठेवत असे.

माझ्या पदरात तेव्हा काही नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. एकदा येता येता राहिलं होतं आणि त्यावर घरात कुणी बोलत नसे. नंतर दिवस राहिले ते उशिरा, आणि माझी मुलगी मात्र घाईनं आली. व्हायची वेळ बरीच लांब असतानाच आली. बुलढाण्याच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवली. मला चाकाच्या खुर्चीतून नेऊन दाखवली तेव्हा मी ती ओळखलीच नाही. एवढंसं, लालभडक, पातळ कातडीचं काहीतरी होतं आणि त्याची छाती फडफडत होती. रुळांवर बसून चिंचा खाल्लेली मी बाई, पण त्या फडफडीपुढे पेटीच्या काचेला बोट लावायलाही भ्याले. ही माझी आहे आणि ही थांबू शकते. एवढे दोनच विचार डोक्यात होते आणि ते आळीपाळीनं येत होते.

पुढे तिला घरी सोडली. डॉक्टरबाईंनी सगळं नीट समजावलं. लेकराला ऊब हवी, म्हणून छातीशी उघड्या अंगाला धरायचं, आंघोळ इतक्यात नाही, गर्दी नाही, हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही. दूध घशात अडकलं तर पालथं कसं धरायचं, पाठीवर कशी थाप द्यायची, तेही नर्सबाईंनी दाखवलं. मी मान हलवली. घरी आल्यावर यातलं काहीच मला करवेना. तिला उचलताना आपल्या हातून मोडेल असं वाटे. उचलली की छातीशी न धरता लांबून, तुळशीचं रोपटं धरावं तशी धरी. ती झोपली की नाकापाशी कापसाचा धागा नेऊन तो हलतोय का ते बघे, हलला की दुसऱ्यांदा बघे. जेवण जाईना, झोप येईना, आणि दूध आटत चाललं. पोरगी चोखून चोखून थकायची आणि रडायचीही बंद व्हायची. ती रडली की मला भीती वाटे, पण ती गप्प बसली की त्याहून वाटे. माझे यजमान बिचारे दिवसातून चारदा दारात येऊन उभे राहत आणि काय करावं न कळून दुकान उघडायला जात.

एका दुपारी जाऊबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. हातात सूप होतं आणि सुपात ज्वारी. मला वाटलं, निवडायला आणली आहे. आमच्या भागात जुनी रीत आहे, हल्ली फारशी कुणी करत नाही. ज्या बाईचं मूल राहत नाही किंवा राहील की नाही असं वाटतं, तिचं मूल दुसरी लेकुरवाळी बाई सूपभर धान्य देऊन विकत घेते. मूल मग हिचं राहत नाही, तिचं होतं, आणि हिच्या नशिबातलं वाईट दार चुकून पुढे जातं, असा समज. मोल परत केलं की मूल परत येतं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही आणि तो नव्हता हे जाऊबाईंनाही माहीत होतं.

“हे पाह्य,” त्या म्हणाल्या, “तू भेऊन राह्यली म्हणून तुह्यं दूध आटून राह्यलं. भेव काही जात नाही. मह्यं कधी गेलं काय? पण त्याले काम द्या लागते. हात रिकामे राह्यले की ते डोक्यात जाते. तुह्या हातानं आता काम होत नाही अन् भेव सुटत नाही. त पोरगी मले इक.”

त्यांनी ज्वारीचं सूप माझ्या मांडीशी ठेवलं, पोरगी उचलली, चोळीची गाठ सोडून तिला आपल्या छातीशी ठेवली आणि वरून लुगड्याचा पदर गुंडाळून घट्ट बांधला. ही गाठ सुटायची नाही हे मला जत्रेच्या गोष्टीवरून ठाऊक होतं. “आता ही मही हाये,” त्या म्हणाल्या. “भ्याचं काम मह्यं. तू निस्ती पाजत जाय, अन् झोप.” त्या पोरीला घेऊन माझ्याच खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या, आणि मी, माझा विश्वास नसताना, भिंतीकडे तोंड करून इतके दिवस न लागलेली झोप झोपले. उठले तेव्हा उशी ओली होती आणि पोलकंही. दूध कशानं वाढलं ते मला सांगता येणार नाही. झोपेनं असेल, डॉक्टरबाईंच्या गोळ्यांनी असेल, किंवा त्या मेथीच्या लाडवांनी, जे जाऊबाई माझ्या तोंडात कोंबत होत्या. सुपातल्या ज्वारीच्या मात्र आठवडाभर भाकरी झाल्या आणि सगळ्यांनी खाल्ल्या.

मालकी हाती आल्यावर जाऊबाईंनी जे मांडलं त्याला संसार म्हणावं की पहारा, मला ठरवता आलं नाही. दिवसभर चुलीवर फडकी उकळत. खिडकीच्या फटी कागदानं बुजवल्या, आणि कागद माझ्या दुकानातले, त्यामुळे खोलीला चहूकडून सातबाराचे उतारे लागले. अमडापूरहून माझी आत्तेसासू खास लेकरू बघायला आली, तिला जाऊबाईंनी साबणानं हात धुवायला लावले, तोंडाला पदर बांधायला लावला आणि मग आत न घेता अंगणात उभी करून खिडकीतून पोरीचा एक तळवा दाखवला. आत्तेसासू त्या तळव्याचीच नजर उतरवून, साखर खाऊन परत गेली आणि पुढे वर्षभर आमच्याशी बोलली नाही. आणि रोज पोरीला पाजून झालं की जाऊबाई कोपऱ्यात बसून फडक्यांचं एक गाठोडं हातावर पालथं धरत, त्याचं डोकं खाली करत आणि पाठीवर थाप मारत. नर्सबाईंनी दाखवलेलं आपण विसरू अशी त्यांना भीती होती, म्हणून ही रोजची तालीम. गाठोडं उलटं, गाठोडं सुलटं. मला दुधाबरोबर आता हसूही येऊ लागलं होतं. मी विचारलं, गाठोडं आज बरं आहे ना? त्यांनी गाठोडं पुन्हा पालथं केलं. तोंडानं त्या पूर्ण वेळ काहीतरी पुटपुटत असत आणि हात थरथरत असत. ते थरथरणं मला आजही दिसतं. गाठोडं धरताना हात थरथरत, फडकं पिळताना थरथरत, वाटी धरताना दूध हिंदकळे. पोरगी हातात आली की ते थांबे.

आणि मग ज्याची त्यांना सगळी वर्षं भीती होती ते एकदा खरंच झालं. भर दुपारी मी पाजत होते. पोरीला ठसका लागला, मग ठसकाही थांबला. तिचे ओठ आधी जांभळे आणि मग निळे होत गेले. मी बघत होते. जाऊबाईंनी ती माझ्या हातातून ओढून घेतली, पालथी केली, डोकं खाली केलं आणि तळहातानं तिच्या पाठीवर थाप दिली. मग पुन्हा दिली. मला वाटलं, आता माझं आयुष्य इथेच थांबलं, यापुढचे दिवस मला नकोत. तेवढ्यात तिच्या तोंडातून दुधाची गुठळी पडली आणि पोरगी रडली. असं रडणं मी जन्मात ऐकलं नाही, इतकं चांगलं. जाऊबाईंनी तिला छातीशी धरलं, तिच्या ओठांचा रंग परत येईपर्यंत हलल्या नाहीत, मग माझ्या मांडीवर ठेवली, चालत गोठ्यामागे गेल्या आणि तिथे उलटी करून आल्या. मग आम्ही पोरीला दवाखान्यात नेऊन आणलं. घरी आल्यावर जाऊबाई कोपऱ्यात बसल्या आणि गाठोडं घेतलं. मी त्या दिवसापासून गाठोड्याची थट्टा केली नाही.

मोल परत करायचं ते पहिल्या वाढदिवसाला, असं आमचं ठरलं होतं. जावळ झालं की करू, असं मग जाऊबाई म्हणाल्या. जावळ झालं तर दात यायचे होते. दात आले तर गोवराची सुई व्हायची होती. मग ती चालायला लागली, आणि चालणारं लेकरू ही तर सगळ्यात भीतीची गोष्ट. असं करत करत सगळेच विसरून गेले. पोरगी जाऊबाईंना मोठाई म्हणू लागली, आमच्याकडे थोरल्या काकूला तसंच म्हणतात. सकाळी वेणी मोठाईनं घालायची, भाकरीचा पापुद्रा मोठाईनं काढून द्यायचा, ताप आला की मोठाईच्या अंगावर झोपायचं. ती सायकलवर बसली की जाऊबाई मागून सीट धरून पळत, ती शाळेत गेली की शाळेच्या फाटकाशी उगाच कोथिंबीर निवडत बसत. गावातल्या बायका म्हणत, जन्म गेला हिचा लेकरांमागे धावण्यात. मीही आधी म्हणत असे. पंखा पडला नाही, साप निघाला नाही, विहिरीत कुणी गेलं नाही. घडलं नाही ते कुणाला दिसतं? माझ्यासमोर मात्र पोरगी पाच वर्षांची होऊन, दोन वेण्या घालून, दप्तर फरफटत चालली होती. जाऊबाईंनी आयुष्यभर काय केलं असं कुणी विचारलं तर मी तिच्याकडे बोट दाखवू शकत होते.

गेल्या दिवाळीनंतर थोरल्याचा पुण्याहून फोन आला. सुनेला दिवस गेले होते, तिला आई नव्हती, तेव्हा आईनं आता तिकडेच राहायला यावं. मोठे भाऊजी शेतीसाठी मागे राहणार होते, जाऊबाई एकट्या जाणार होत्या. त्यांना आनंद झाला आणि त्या लगेच भ्यायला लागल्या, कारण घर अकराव्या मजल्यावर होतं. बॅग भरायला घेतली. लोकरीच्या टोप्या, सुती फडकी, बाळंतशेपा, आणि काठी, जी पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेमक्या कुठल्या सापासाठी होती ते मी विचारलं नाही. मी घड्या करून देत होते. एकाएकी त्या पांढऱ्याफटक पडल्या.

“अव, पोरगी त वापस केलीच नाही,” त्या म्हणाल्या.

मी आधी हसले. मी म्हटलं, ताई, ती काय म्हैस आहे का दाव्याला बांधलेली? पण त्यांनी हातातल्या टोप्या खाली टाकल्या होत्या. “हासू नको. मी तिकडे पुण्यात अन् मह्यी पोरगी इथं. तिच्यावर काही आलं त पुढं कोन उभं राहीन? मालकानं जवळ राहा लागते. घे व, तुही तू घे.”

तेव्हा मी सूप काढलं. तेच सूप, कडा सुटलेलं. त्या वर्षीची नवी ज्वारी कणगीतून काढून त्यात भरली. पोरीला वाटलं काही खेळ आहे, ती सुपात बसायला आली. बूड मावलं, पाय बाहेर राहिले, तिला उचलून बाजूला बसवली, आणि आम्ही दोघी बायका समोरासमोर बसलो. द्यायचं काय होतं? नुसतं सूप सरकवायचं होतं. माझा विश्वास नाही हे मी पुन्हा सांगते. पण सूप सरकवताना माझा हात थांबला. एकदम मला भीती वाटली, पेटीतल्या त्या फडफडीपाशी वाटली होती तशी. इतकी वर्षं या पोरीची भीती दुसरं कुणी वाहत होतं म्हणून मी दुकान चालवलं, हसले, रात्री झोपले. हे सूप पलीकडे गेलं की ती सगळी माझी. तिचा ताप माझा, तिची सायकल माझी, ती मोठी होऊन जिथे जाईल तो रस्ता माझा. आणि ही बाई उद्या सकाळी पुण्याला जायला मेहकरच्या गाडीत बसणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मी सुपातून एक मूठ ज्वारी परत काढून घेतली.

“ताई, एवढी राहू द्या मह्यापाशी,” मी म्हटलं. “पुरं मोल दिलं नाही, त पोरगी पुरी मही होत नाही ना?”

जाऊबाई माझ्या मुठीकडे बघत राहिल्या. त्यांनी व्यवहार मनात तपासला, दोन्ही बाजूंनी तपासला, त्यात पोरीला कुठून धोका येतो का ते पाहिलं. मग त्यांचा चेहरा सैल पडला. मी इतक्या वर्षांत त्यांना इतकं निर्धास्त कधी पाहिलं नव्हतं.

“नाही होत,” त्या म्हणाल्या. “मूठभर मह्यी राह्यली.” आणि त्यांनी सूप आपल्याकडे ओढून घेतलं.

पुढे काय सांगायचं? सकाळी गाडी आली, जाऊबाई खिडकीशी बसल्या, पोरीनं हात बाहेर काढू नको असं त्यांनाच उलट बजावलं, आणि गाडी गेली. पुण्याला नातू झाला. अकराव्या मजल्यावरची गॅलरी जाऊबाईंनी जुन्या लुगड्यांनी अशी बांधून टाकली आहे की सुनेला कपडे वाळत घालायला जागा नाही, असं थोरला फोनवर सांगतो आणि हसतो. मला हसू येतं, पण पूर्वीसारखं नाही. पोरगी शाळेतून यायला जरा उशीर झाला की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून रस्त्यावर येऊन उभी राहते. गिऱ्हाईक हाका मारतं, माझं लक्ष नसतं. घरात मन रमत नाही अशी दुपार आली की मी फडकी उकळायला ठेवते, नको असली तरी.

ती मूठभर ज्वारी मी एका लहान डब्यात घालून फडताळात ठेवली आहे. उन्हाळ्यात धान्याला ऊन द्यायला काढलं तेव्हा पाहिलं तर तिला कीड लागली होती. ती मी चिमण्यांना टाकली, कणगीतली नवी मूठ घेतली, डबा पुसून त्यात भरली. पोरगी शेजारी उभी होती. एवढीशीच वेगळी कशाला ठेवतेस, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, ती मोठाईची आहे. आणि झाकण घट्ट बसलं आहे ना, ते पुन्हा एकदा दाबून पाहिलं.